जगन्नाथरावांचं क्रिएटिनिन

जगन्नाथरावांना बासष्टाव्या वर्षी किडनीचा आजार असू शकतो, हे कळल्यावर नजरबाद मोहल्ल्यातल्या नातेवाइकांची पहिली तक्रार अशी होती की ते आजारी दिसत नाहीत. भेटायला आलेल्यांचा हिरमोड व्हायचा. दंड तसेच, मान तशीच. आमच्या म्हैसुरात तालमीला गरडी म्हणतात. त्या गरडीत हे उस्ताद अजून स्वतः मातीत उतरून डाव दाखवायचे. त्याशिवाय त्यांना दुसरं काही येतही नव्हतं, आणि नकोही होतं.

डॉक्टर सुप्रीता एवढंच म्हणाल्या होत्या, "रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर आहे. आजाराची सुरुवात असेल, नसेलही. पैलवानी अंगानेही आकडा वर जातो. लघवी तपासून या, मग बोलू. तोवर पथ्य नको."

अडचण लघवीची होती. लॅबच्या काउंटरवर त्यांचा पट्टशिष्य श्रीहर्ष याची बायको बसायची. उस्तादाने तिच्या हातात बाटली द्यायची? दुसऱ्या लॅबमध्ये जावं, तर शहरातल्या निम्म्या काउंटरांमागे शिष्यच होते. रक्त द्यायला त्यांची हरकत नव्हती. रक्तात मर्दपणा असतो.

"लघवीचं राहू दे अप्पा," मुलगा विश्वजीत म्हणाला. तो एका कंपनीत दिवसभर आकडे बघायचा. "क्रिएटिनिन खाली आणलं की झालं. मी वाचलंय सगळं."

त्याने मोबाइलवरून पथ्य काढलं. अंडी बंद, दूध बंद, डाळ बंद, बन्नूरच्या मेंढ्याचं मटण बंद, जोर-बैठका बंद, गरडी बंद. शकुंतलाबाई लग्न झाल्यापासून पहाटे उठून बदाम वाटत आल्या होत्या. पथ्य ऐकताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला.

"अगं, निदान एक अंडं?"

"साकु!" त्या कानडीत ओरडल्या. बस्स म्हणायला मराठीत एवढा जोर त्यांना कधी सापडला नव्हता. "आहेत त्या किडन्या सांभाळा. आम्ही कुणी देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"मी मागितली का?"

"मागाल. तुमची भूक मला ठाऊक आहे."

महिने गेले. जगन्नाथराव भात आणि पडवळ खाऊन बसून राहिले. अंग उतरलं, गळ्याची कातडी लोंबायला लागली, सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसू लागला. आकडा मात्र दर तपासणीला खाली यायचा, आणि तो आला की घरात म्हैसूरपाक यायचा. तो त्यांना चालत नसे. नातेवाइकांचंही समाधान झालं. "आता कसे," जाताना ते शकुंतलाबाईंना म्हणत, "आता दिसतात आजारी."

आकडा नॉर्मल झाला त्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेली. सुप्रीताबाईंनी रिपोर्ट पाहिला, समोर पाहिलं आणि विश्वजीतला विचारलं, "पेशंट नाही आले?"

मग त्यांच्या लक्षात आलं.

"हा आकडा स्नायूंवर अवलंबून असतो," त्या म्हणाल्या. "स्नायू गेले, म्हणून तो उतरला. किडनीचं यावरून काहीच कळत नाही."

दवाखान्याच्याच संडासात बाटली भरून घेतली, रक्ताची आणखी एक वेगळी तपासणी झाली. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. किडन्या ठीक आहेत. बहुधा आधीही ठीकच होत्या. हवं ते खा, पण या वयात गेलेलं अंग तसं परत येईल, असं मी सांगणार नाही.

"म्हणजे पथ्य लागू पडलं," विश्वजीत म्हणाला.

"मी उद्या गरडीत जाणार," जगन्नाथराव म्हणाले.

"जा की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बसून बघा."

सकाळी श्रीहर्षने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठताना कोपराला धरून त्यांनाच आधार दिला. जगन्नाथराव सदऱ्याची बटणं काढू लागले.

"उस्ताद, मातीत नको," तो कानाशी म्हणाला.

"का रे? सगळं नॉर्मल आहे माझं."

"हो. पण अंगात सदरा असू द्या. पोरं घाबरतील."

त्यांनी बटणं परत लावली. श्रीहर्षने भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पुसून दिली. समोर एक जोडी भिडली. खालचा पोरगा चुकत होता, हे त्यांना लगेच दिसलं.

"पाय ओढ त्याचा, पाय!" ते ओरडले.

श्रीहर्ष धावत आला. "पाणी हवं का, उस्ताद?"