घरून आणलेलं कुलूप

कुलूपवाला गुडघे टेकून जुन्या राजवाड्याच्या दाराला लटकणाऱ्या लोखंडी कुलपात डोकावत होता, तेवढ्यात ते कुलूप आपोआप हललं. आतून कुणी चेष्टा करतंय असं वाटून तो खेकसणारच होता. मग गुडघ्यांखालची फरशी सरकली, वरून विटा सुटल्या आणि चौकातली सगळी माणसं एकदम ओरडायला लागली.

तोही जीव मुठीत धरून पळाला. चौकाच्या मधोमध, जिथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं, तिथे जाऊन थांबला. जमीन शांत झाल्यावर त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. किल्ली खिशात होती. बायको समोरच्या लॉजमध्ये, वरच्या मजल्यावर, कुलपाआड होती.

जन्मभर कुलपं बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेल्यामुळे दुसऱ्याच्या कुलपावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मुलीने हौसेने दोघांना या ऐतिहासिक शहराच्या सहलीला धाडलं, तेव्हा त्याने कपड्यांच्याही आधी स्वतःच्या हातचं कुलूप पिशवीत टाकलं. आज सकाळी बायकोचं डोकं दुखत होतं. ती पडून राहिली आणि हा एकटाच बाहेर निघाला.

"अहो, कुलूप कशाला? मी आत आहे ना!"

"म्हणूनच तर," तो म्हणाला होता. "कडी लावायला उठायला नको. नीज तू."

आता त्याने वर पाहिलं. लॉजच्या भिंतीला छपरापासून दारापर्यंत चीर गेली होती. खिडकीचे गज धरून ती उभी होती. केसांत चुन्याचा चुरा होता.

"अहो! किल्ली! अहो, लवकर या!"

तो निघाला, नाही असं नाही. पण तेवढ्यात जमीन पुन्हा हलली आणि छपराची कौलं लॉजच्या दारातच येऊन फुटली. त्याचे पाय जागच्या जागी थिजले. वरून पुन्हा हाक आली. तेव्हा त्याने कानामागे हात धरला, आणि तिला शोधतोय पण ती दिसतच नाही अशा थाटात भलत्याच खिडकीकडे बघायला लागला. जरा वेळाने हाका बंद झाल्या.

दार अखेर लॉजच्या व्यवस्थापकाने आणि झाडलोट करणाऱ्या बाईने उघडलं. व्यवस्थापकाकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या, पण या कुलपाची कुठून असणार? दोघांनी पहारीने कोयंडा उखडला आणि तिला खाली आणलं. कुलूप मात्र शाबूत होतं. व्यवस्थापकाने ते कुलूपवाल्यासमोर आपटलं.

"माणूस आत असताना बाहेरून कुलूप? कुणाची ही अक्कल?"

कुलूपवाल्याने वाकून कुलूप उचललं.

"मीच लावायला सांगितलं होतं," बायको म्हणाली. "हे लांब गेले होते. ह्यांना काय माहीत?"

दुपारी सगळ्यांना एका शाळेच्या मैदानात बसवलं. बायको त्याच्याशी अगदी नेहमीसारखी बोलली. पाणी प्यायलात का, उन्हात बसू नका. तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुष्कळ वेळाने मुलीचा फोन लागला. बायको जरा लांब जाऊन बराच वेळ बोलली आणि येऊन फोन त्याच्या हातात दिला.

"बाबा, कमाल केलीत! भिंती पडत होत्या आणि तुम्ही वर धावलात?"

त्याने चमकून बायकोकडे पाहिलं. ती झाडलोटवाल्या बाईचा सोललेला तळहात ओल्या रुमालाने पुसत होती.

"नाही गं, बाळा," तो कसाबसा म्हणाला. "ऐक. मी खालीच उभा होतो. तिने हाका मारल्या, मी ऐकल्या. मी गेलो नाही."

पलीकडून मुलगी हसली, रडून झाल्यावर हसतात तशी.

"आई म्हणालीच होती, तुम्ही असंच काहीतरी सांगाल म्हणून."

"अगं, खरंच सांगतोय..."

"पुरे हो! स्वतःचं कौतुक कधी ऐकून घेतलंय तुम्ही? थांबा, तुमच्या नातीला सगळं तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

फोनमध्ये खुडबुड झाली.

"आजोबा, मग? तुम्ही जिना चढून वर गेलात, मग काय झालं?"

बायकोने रुमाल बाजूला ठेवला होता. सकाळपासून पहिल्यांदाच ती थेट त्याच्याकडे बघत होती, आणि नातीइतकीच तीही त्याच्या बोलण्याची वाट बघत होती.