माझ्यातून निघालेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना रंगीत प्रिंटर आहे. आज मी अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांशेजारी धूळ खात पडलो आहे.

कारखान्यातून मी थेट एका परदेशी ई-मेल कंपनीच्या शाखेत आलो. नेमणुकीची पत्रे, रजेचे अर्ज, सारे मीच छापत असे. कंपनी शाळांना संगणक भेट देई. त्याच्या फोटोंची 'समाजाप्रती आमची जबाबदारी' ही पुस्तिकाही माझीच. शाखाप्रमुख माझ्यावर थाप मारून म्हणत, "काय झकास छापतो हा." मी अगदी फुलून जाई.

एके दिवशी सरकारी पत्र आले. मुदत संपलेल्या औषधाने दवाखान्यात चार मुले दगावली होती. ती बातमी छापायला देशात बंदी होती, पण कोणीतरी आमच्या ई-मेलवरून ती परदेशी वर्तमानपत्राला कळवली. त्या माणसाचे नाव सरकारला हवे होते.

कायद्याचे काम पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, कोर्टाचा हुकूम नाही. देऊ नका."

"वरून होकार आलाय," शाखाप्रमुख म्हणाले. "नाही दिलं तर इथून गाशा गुंडाळावा लागेल."

बाईंनी मान खाली घालून बटण दाबले. सरकारला द्यायच्या उत्तराचे पान: नाव, पत्ता, फोन नंबर. मी नेहमीसारखे स्वच्छ छापले.

आठवड्याने एक गृहस्थ आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणे खालीवर लागलेली.

"माझी बायको नर्स आहे. मंगळवारी पोलिसांनी तिला ड्यूटीवरून उचललं. तिचं नाव तुम्ही दिलंत का?"

"आम्ही कोणाची माहिती कोणाला देत नाही," शाखाप्रमुख शांतपणे म्हणाले.

ते पान माझ्याच पोटातून निघाले होते, आणि त्या पत्त्यावर राहणारा माणूस समोर उभा होता.

बाईंनी टेबलाकडे जाऊन पुन्हा बटण दाबले. मी तेच पान पुन्हा छापले. ते त्यांनी गृहस्थांच्या हाती दिले. "आम्हीच दिलं. मी स्वतः काढलं. हे वकिलांना दाखवा."

संध्याकाळी बाईंचे टेबल रिकामे झाले.

पुढे त्या पानाचा फोटो परदेशी वर्तमानपत्रांत झळकला. कंपनीने माफी मागितली, कोर्टाच्या हुकमाशिवाय नाव न देण्याचा नियम केला. तरी नर्सताईंना सुटायला दोन वर्षे लागली. त्यांची नोकरी काही परत मिळाली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेही कोणी अशा कचेरीत बसेल. बटण दाबले की मला छापावेच लागते. तुमचे तसे नाही. बोट टेकवण्याआधी त्या नावाचा माणूस डोळ्यांसमोर आणा, एवढेच माझे मागणे आहे.