मक्याची माडी

“कावळा पाहिला का?” फोन लोणच्याच्या बरणीला टेकवत वसुंधराबाईंनी विचारलं. “राणी जेवाले बसली तवा मांगच्या खिडकीत होता. पाठमोरा.”

“पाहिला ना,” नागपूरहून अपेक्षा म्हणाली. “सासूबाईंनी दाखवला मले. त्या म्हणे, पाठमोरा कावळा म्हणजे पाव्हणा दारातून परत चालला.”

फोनमध्ये लेकीच्या मागे सिंधुताई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हात जोडले. वसुंधराबाईंनीही जोडले. जोडता जोडता त्यांच्या मनात आलं, मेथी निवडायची तर माणसाने मेथीकडे पाहावं, टीव्हीत कशाला डोळे घालावेत.

मालिकेचं नाव होतं ‘धुंधगढ’. धुक्यातल्या एका गढीची गोष्ट, त्यात शापित राजे, बोलणारी झाडं आणि शपथेने बांधलेली राणी मेघावती. मुळात ती तीन जाडजूड हिंदी पुस्तकं. अपेक्षा दहावीत असताना तिला कावीळ झाली, तेव्हा शाळेच्या ऑफिसातून आल्या आल्या वसुंधराबाई तिच्या उशाशी बसून ती वाचून दाखवायच्या. त्यातल्या लबाड प्रधानाला मायलेकींनी शाळेच्या हेडसरांचं नाव ठेवलं होतं. कावीळ उतरली तरी वाचन सुटलं नाही. तीनही भाग संपले, मग पुन्हा पहिल्यापासून झाले. अपेक्षाचे वडील आनंदराव भिलाईच्या स्टील प्लांटमधून ड्युटी करून आले की दोघी कोणत्या तरी तहाबद्दल भांडत असायच्या आणि भाजी करपलेली असायची.

त्याच पुस्तकांवर मालिका निघाली ती नेमकी अपेक्षाचं लग्न झाल्यावर. दर रविवारी दुपारी एक भाग. मालिका करणारे पक्के बेरकी होते. मागच्या भिंतीवर, राणीच्या ओढणीच्या काठावर, कुठेतरी कोपऱ्यात एखादी खूण दडवून ठेवायचे, आणि मग सगळे बघणारे आठवडाभर तिचा अर्थ लावत बसायचे. वसुंधराबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की लेक दिली ती दिली, पण रविवार आपला. भाग संपला की फोन लावायचा आणि खुणा शोधायच्या. इतकं साधं गणित होतं.

त्या गणितात सिंधुताई नव्हत्या. त्या बाईने पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. मेघावतीच्या बापाचं नाव विचारलं तर सांगता आलं नसतं. आणि तरी तिला कावळा दिसायचा, उलटी समई दिसायची, राणीच्या हातातली हिरवी बांगडी एक कमी झालेली दिसायची. दर रविवारी वसुंधराबाई काहीतरी सांगायला तोंड उघडत आणि लेक म्हणे, ते सासूबाईंनी दाखवलं मले.

वसुंधराबाईंना हेवा वाटत होता. सरळ, भाकरी करपल्यासारखा हेवा. शेजारच्या बेबीताईंपाशी एकदा त्यांनी मन मोकळं केलं, तर बेबीताई म्हणाल्या की पोरीची सासू चांगली निघाली म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहून राहिली. त्यानंतर त्यांनी बेबीताईंना काही सांगणं बंद केलं. उलट कॉलेजात जाणाऱ्या खुशबूकडून, म्हणजे बेबीताईंच्याच पोरीकडून, चित्र थांबवून मोठं कसं करायचं ते शिकून घेतलं. आता त्या भाग आधी एकट्या पाहायच्या, कोपरा न कोपरा तपासायच्या, आणि फोनवर मात्र आत्ताच सुचल्यासारखं बोलायच्या. नवऱ्याला हे माहीत होतं. पण सदतीस वर्षं भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला आचेपासून किती लांब उभं राहायचं ते कळतं.

भाद्रपदातल्या एका रविवारी मात्र नशीब उघडलं.

राणी मेघावती आपल्या दालनात केस विंचरत होती. मागे कोनाडा. कोनाड्यात पाच काड्या वर शेंड्यांशी बांधून खाली फाकवून उभ्या केलेल्या, आणि त्यांच्या आत मातीचे दोन लहान गोळे, शेजारी शेजारी. पुस्तकात यातलं काही नव्हतं. इंटरनेटवर पोरं हमरीतुमरीवर आली होती. कोणी म्हणे पाच तलवारी, कोणी म्हणे चिता, कोणी म्हणे पाच भावांचा शाप.

वसुंधराबाईंनी चित्र थांबवलं आणि त्या एकट्याच हसल्या. ही भुलाबाईची माडी होती. भुलोजी-भुलाबाईची जोडी, वर पाच धांड्यांची, म्हणजे ज्वारीच्या ताटांची माडी, महिनाभर पोरींची गाणी, आणि कोजागिरीला निरोप. भुलाबाई म्हणजे माहेराला आलेली लेक. मालिकेत कोणीतरी विदर्भातली पोर काम करत असणार आणि तिने गुपचूप सांगून ठेवलं होतं की राणीला शपथेने बांधलं असलं तरी तिला माहेराची ओढ आहे, शेवटी ती माहेरी येणार. पुस्तकातही ती येतेच.

त्यांच्या घरी भुलाबाई दरवर्षी बसायची. गल्लीतल्या पोरी यायच्या, त्यात तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी सगळ्या असायच्या. गाणी कोणाला धड यायची नाहीत, पण खिरापतीसाठी शेवटपर्यंत थांबायच्या. खिरापत डब्यात झाकून ठेवायची, डबा वाजवायचा आणि पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नसे. वसुंधराबाईंच्या डब्यात कोजागिरीला ठरलेली खुरमी असायची, कणीक-गुळाची, तळलेली. ती त्या अहिवारा गावच्या एका छत्तीसगढी शेजारणीकडून शिकल्या होत्या. अपेक्षा डबा वाजायच्या आधीच ओरडायची.

तर ही खूणही त्यांनी झाकून ठेवली.

“मले एक सापडलं,” त्या रविवारी त्या म्हणाल्या. “सांगणार नाई. ओळख.”

अपेक्षा फोनजवळ सरकली. मग हसून तिने विचारलं, “गोड का खारं?”

“गोड.”

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तो पाच काड्यांचा तंबू म्हणजे पाच नद्या का? नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाच वचनं का? तेही नाही. लग्न झाल्यापासून रोज फोन असा कधी आला नव्हता. नव्या घरात पोरीला वेळ कुठला, असं म्हणून वसुंधराबाई आनंदरावांची समजूत घालायच्या आणि स्वतःची घालता यायची नाही. आता फोन रोज येत होता. ओळखण्याच्या निमित्ताने इतर गोष्टी निघत होत्या. तिच्या नवऱ्याला, अभिनवला, पुण्याची नोकरी नको होती, अपेक्षाला कारल्याची भाजी जमू लागली होती, तिला रात्री कधी कधी घराची आठवण यायची. वसुंधराबाई त्या आठवड्यात इतक्या खुशीत होत्या की त्यांनी बेबीताईंना बोलावून चहा पाजला.

पुढच्या रविवारी त्यांनी मनाशी म्हटलं, अजून एक आठवडा ताणू. अपेक्षा फोनवर विचार करत होती, पाच बोटं का, पाच सुना का, आणि तेवढ्यात मागून चहाचे कप घेऊन सिंधुताई आल्या.

“अवो, भुलाबाईची माडी हाय ना ते,” त्या म्हणाल्या. “ज्वारीच्या धांड्याची नाई का करत आपण?”

कप खाली ठेवता ठेवता सिंधुताई आणखी बोलल्या. “पोरगी म्हणते तुमच्याकडं मक्याच्या धांड्याची करता. मक्याची कुठी असते का माडी? मले तर लय हासू आलं.”

हे खरं होतं. भिलाईच्या आजूबाजूला सगळा धानाचा मुलूख, ज्वारीचं धांडं शोधून सापडत नसे. आनंदरावांच्या बरोबर प्लांटमध्ये असलेले हिरालाल जवळच्या उतई गावाहून सायकलला बांधून मक्याची धांडी आणून द्यायचे. पहिल्या वर्षी वसुंधराबाईंना वाईट वाटलं होतं, मग सवय झाली, मग अपेक्षा जन्मली आणि तिला माडी मक्याचीच माहीत. त्यात हसण्यासारखं काय होतं?

“तुमाले समद्यातलं समदंच समजते,” वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “मग भुलाबाई बी तुमीच करा तिच्यासंगं. ज्वारीची. कोजागिरीले इकडं यायची काई गरज नाई तिले.”

आणि त्यांनी फोन बंद केला.

कोजागिरीला अपेक्षा येणार होती. तिकीट काढलेलं होतं. लग्नानंतरचं पहिलं मोठं येणं, चार दिवसांचं. वसुंधराबाईंनी गूळ आणून ठेवला होता. हातातला फोन खाली ठेवता ठेवताच त्यांना कळलं की आपण काय केलं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्या परत फोन लावायला गेल्या नाहीत. आनंदराव म्हणाले, “अवो, लाव ना फोन.” त्या म्हणाल्या की ज्याला गरज असेल तो लावेल.

दोन दिवसांनी अपेक्षानेच लावला. ती बिचकत बोलत होती. सासूबाईंना तीन पोरं, पोरगी नाही, त्यांच्या घरात भुलाबाई कधी बसलीच नाही. लग्नाआधी करायच्या, त्यानंतर नाही. गाणीही विसरल्या आहेत.

“तं मग इथंच करू का आई या वर्षी?” तिने विचारलं आणि ती थांबली.

ती कशासाठी थांबली होती ते वसुंधराबाईंना पक्कं समजलं. नको, तू ये, एवढंच म्हणायचं होतं.

“कर ना,” त्या म्हणाल्या. “मले कावून विचारते?”

कोजागिरीच्या आधीच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग आला. शपथ तुटली, गढीचं दार उघडलं, धुकं हटलं. वसुंधराबाई पुढे सरकून बसल्या. राणी मेघावती दारापर्यंत आली, तिने लांबवर माहेरच्या डोंगराकडे पाहिलं, आणि ती परत आत गेली. कोनाड्यातल्या त्या पाच काड्या तिने उचलून अंगणात मांडल्या आणि गढीतल्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. तिथे भाग संपला.

“पुस्तक बदललं मेल्यांनी,” वसुंधराबाई म्हणाल्या. आनंदरावांनी विचारलं की पुस्तकात काय होतं. “येते ती,” त्या म्हणाल्या आणि उठून ओट्याशी गेल्या. त्या रविवारी फोन केला नाही. तिकडूनही आला नाही.

कोजागिरीला त्यांनी खुरमी केली. कोणासाठी, असं आनंदरावांनी विचारलं नाही. भुलाबाई बसवली नव्हती, तरी हात चालले आणि डबा भरला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा फोन वाजला.

समोर नागपूरचं अंगण होतं. पाटावर भुलोजी आणि भुलाबाई, आजूबाजूला पाच-सहा पोरी आणि वर माडी. तिची पानं रुंद होती, लांब होती, खाली झुकलेली होती. वसुंधराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. ती धांडी मक्याची होती.

“सासूबाई समद्या बाजारात फिरल्या,” अपेक्षा म्हणाली. “ज्वारीचे ढीगभर होते. मी म्हटलं, आमच्याकडं मक्याचीच असते. थांब आई, मी डबा आणते.”

ती आत गेली. फोन सिंधुताईंच्या हातात आला. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, “विहीणबाई, त्या दिवशी मी चुकली. पोरीले तर पहिल्याच रविवारी समजलं होतं माडी हाय म्हणून. लहानपणापासून पाहून राहिली ते, तिले नाई समजणार? मले म्हणे, आईले सांगू नका. ओळखाच्या बहाण्यानं रोज बोलते आई, मोकळं बोलते. मीच येडी, बोलून गेली.”

पाच नद्या, पाच वचनं, पाच सुना. आठवडाभर पोरगी चुकीचं ओळखत होती आणि त्या इकडे खुशीत होत्या. त्यांना सिंधुताईंचा राग आला, कारण हेही त्या बाईला आपल्या आधी माहीत होतं. आणि त्याच वेळी त्या बाईने मक्याची धांडी शोधत बाजार पालथा घातला होता, याला काय करावं तेही कळेना. “तुमची माडी चांगली झाली,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“तुमचीच हाय,” सिंधुताई म्हणाल्या.

तेवढ्यात अपेक्षा डबा घेऊन आली. पोरींचं ओळखून झालं होतं, त्या हरल्या होत्या. आता आईची पाळी. तिने डबा फोनजवळ धरून वाजवला.

जड, कोरडा, खडखड आवाज. वसुंधराबाईंच्या हाताशी टेबलावर तसाच डबा होता, तसाच भरलेला. आनंदराव मागून येऊन उभे राहिले आणि ऐकताच म्हणाले, “अवो, हे तं खुर—”

वसुंधराबाईंनी न बघता त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते थांबले.

“गोड का खारं?” त्यांनी विचारलं.

“गोड.”

“मुरमुऱ्याचे लाडू?”

“नाई.”

“मग शंकरपाळे असतीन.”

अपेक्षाने मान हलवली. तिचे डोळे ओले झाले होते, पण ती हसत होती. “नीट आईक ना आई,” ती म्हणाली आणि तिने डबा पुन्हा वाजवला.

वसुंधराबाईंनी कान फोनजवळ नेला.

“चिक्की?” त्यांनी विचारलं.