चार भिंतींच्या आत

"एवढंच म्हणायचं, पोर रडलं. पुढचं माझी माणसं बघतील," पास्कशेठ म्हणाला आणि विमंडच्या पुढ्यातला खारवलेल्या माशाचा तुकडा उचलून त्याने स्वतःच्याच तोंडात टाकला. "दोन शब्द. हो, रडलं. त्याला काय शिकवणी लावायची?"

विमंड मान खाली घालून बसला होता. सबीनाला जाऊन सतरा दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत चूल नीट पेटलीच नव्हती. शेजारणी वाटाण्याची पेज आणून ठेवत, ती तो उभ्या उभ्या पिऊन टाकी. आज मासा होता, कारण उपवासाचे दिवस होते, मांस वर्ज्य पण मासा चाले, आणि पास्क येताना घेऊन आला होता.

"उद्या कचेरीत कारभारी विचारेल," पास्क म्हणाला. "शेरीफचा माणूस मी बोलावून ठेवलाय. तू हो म्हणालास तर तो माझ्याकडे बिअर पिऊन परत जाईल. नाही म्हणालास तर कर्जापायी तुला घेऊन जाईल. मला त्यात आनंद नाही, विमंड. तुरुंगातला माणूस माझ्या काय कामाचा? तिथं भाकरीसुद्धा आपल्या पैशाने खावी लागते."

"आणि रडलं म्हणालो तर?"

"तर जमीन तू मरेपर्यंत तुझी. पीक माझं, घर तुला. छपरं शाकारत राहा, कोण उठवतंय तुला?"

जमीन मुळात सबीनाची होती. बारा एकर, हे घर आणि परसात सफरचंदाची दोन झाडं. तिचा बाप वारला तेव्हा जहागिरीच्या धन्याने रिवाजाप्रमाणे गोठ्यातली सगळ्यांत चांगली गाय नेली आणि जमीन मुलीच्या नावे करायला तीन पौंड मागितले. गवताची छपरं घालणाऱ्याने तीन पौंड आणायचे कुठून? लोकरीचा व्यापारी पास्क म्हणाला, मी देतो. कागदावर आकडा सहाचा होता. सांगितल्या दिवशी तीन दिले तर कागद रद्द, नाही दिले तर सहा. खाली लाखेवर ठसा उमटवायचा होता. विमंडकडे मुद्रा नव्हती, म्हणून पास्कनेच आपली अंगठी काढून दिली. पुढच्या उन्हाळ्यात पाऊस थांबलाच नाही. छपराचा बोरू पाण्यात कुजला, कामं गेली आणि तो दिवसही गेला.

आता सबीनाही गेली होती. तिच्यामागेही धन्याची माणसं गोठ्यात आली होती. या वेळी गाय नव्हती, म्हणून मेंढी नेली.

बायको वारली की तिची जमीन तिच्या माहेरच्या रक्ताकडे जायची. मात्र तिला नवऱ्यापासून जिवंत मूल झालं असेल, मग ते घटकाभरच का जगेना, तर नवऱ्याला ती जमीन स्वतः मरेपर्यंत ठेवता येई. मूल जिवंत होतं याची कचेरीला पटणारी खूण एकच होती: ते चार भिंतींच्या आत रडलेलं हवं आणि ते रडणं पुरुषांनी ऐकलेलं हवं. आतल्या बायकांची साक्ष चालत नसे आणि आत पुरुषांना जाता येत नसे. म्हणून ज्या घरात बाईच्या नावावर जमीन असे, तिथे बाळंतपणाच्या वेळी दोन-चार पुरुष बाहेर भिंतीला कान लावून उभे राहत. सुनेला कळा सुरू झाल्या की जाणते सासरे आधी सुईणीला बोलावत आणि मग साक्षीदारांना.

विमंडने कुणालाच बोलावलं नव्हतं. सबीना मरेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो एकटाच बाहेर उभा होता. ती भिंत त्यानेच काठ्या विणून, चिखल आणि शेण कालवून लिंपली होती. इतकी पातळ, की आत चमचा पडला तरी बाहेर ऐकू येई. दुपारभर त्याला सबीनाचं कण्हणं ऐकू आलं, एमॉट सुईणीचं रागावणं ऐकू आलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग सगळं थांबलं. तो भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला. कितीतरी वेळ उभा राहिला.

पास्क गेल्यावर तो चर्चच्या आवारात गेला. थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. खाली सबीना होती आणि तिच्या कुशीत पोर. पोराची छाती हलताना मी पाहिली, म्हणून मी पाणी शिंपडून त्याचं नाव ठेवलं, असं एमॉटने फादरना सांगितलं होतं. फादरनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. नाहीतर नाव न ठेवलेल्या पोरांना आवारात जागा नव्हती. ती कुंपणापलीकडे, ओढ्याच्या बाजूला, जिथे डुकरं उकरत, तिथे पुरली जात.

"दाजी."

मागे रँडल उभा होता. सबीनाचा चुलत भाऊ. एका खोलीत पाच पोरं आणि आंधळी सासू घेऊन राहणारा, दुसऱ्यांची शेतं नांगरणारा माणूस. बारा एकर आता त्याच्याकडे जाणार होते.

"शेठ येऊन गेला म्हणे."

"गेला."

"काय शिकवलं त्याने तुला, ते मला माहीत आहे. हॉबला आणि वॉटला उभं करणार आहे. तो वॉट! त्याला घरात आग लागली तरी ऐकू येत नाही, तो म्हणे पोर रडल्याचं ऐकतो."

विमंडने थडग्यावरचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं.

"हे बघ, दाजी, मी वाईट माणूस नाही. एमॉटमावशीने छाती हलली म्हटलं, मी मान डोलावली. माझ्या बहिणीचं पोर आहे, तिच्याजवळ झोपू दे म्हटलं. पण उद्या तू रडलं म्हणालास तर मला बोलावं लागेल. पोर मेलेलंच जन्मलं, असं मी म्हणेन. मग एमॉटला बिशपच्या माणसांपुढे शपथेवर उभं करतील आणि म्हातारी तिथं टिकायची नाही. मग हे उघडून पोराला कुंपणापलीकडे न्यावं लागेल." त्याने मातीकडे पाहिलं नाही. "माझी पोरं आहेत रे. मला दुसरं काय आहे?"

"कर्ज तिच्या जमिनीसाठीच काढलं होतं मी, रँडल."

"माहीत आहे."

"जमीन घेतोस, तर कर्जाचं बघ."

"कागदावर नाव कुणाचं आहे?" रँडल म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "असते तर दिले असते. शपथ. नावावर चढवायला धनी माझ्याकडेही पैसे मागणारच आहे. मीसुद्धा शेठकडेच जाणार, अजून कुणाकडे जाऊ?"

दुसऱ्या दिवशी कचेरी धन्याच्या कोठारात भरली. बाहेर दहिवर पडलं होतं आणि आत धान्याचा कोंदट वास होता. कारभारी टेबलामागे लोकरी झगा पांघरून बसला होता. एका बाजूला बाकावर गावचे बारा पंच होते. टेबलावर ती पांढरी काठी होती. काठीचं एक टोक धरून जमीन सोडायची, दुसऱ्याने ते टोक धरून घ्यायची. सबीनाने बापाची जमीन घेतली तेव्हा याच काठीला हात लावला होता. घरी आल्यावर हसून म्हणाली होती, "एवढी तीन पौंडांची काठी, आणि धरायला मिळाली घटकाभर."

आधी दोघांच्या डुकरांचं भांडण झालं. कुणाच्या तरी सुनेने बिअर कमी मापाने विकली होती, तिला दंड झाला. मग सबीनाचं नाव पुकारलं गेलं.

"मयत सबीना हिच्या जमिनीवर कोण दावा सांगतो?"

रँडल पुढे आला. पास्क कोपऱ्यातून म्हणाला, "नवऱ्याचा दावा आहे, साहेब. मूल रडलं. साक्षीदार आहेत."

"नवऱ्याला तोंड नाही का?" कारभारी म्हणाला. "बरं, साक्षीदार."

हॉब पुढे आला. हा कोंडवाड्याचा राखणदार. मोकाट गुरं अडवून ठेवायची आणि मालकाकडून दंड घ्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे गावात सगळ्यांच्या शिव्या खाणारा. तो पास्कचा किती देणेकरी होता हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याने शपथेसाठी बायबलवर हात ठेवला.

"मी त्यांच्या भिंतीबाहेरून एक वासरू हाकत चाललो होतो, साहेब."

"काय ऐकलंस?"

"पोर रडताना ऐकलं."

"रडतं तर मांजरही," पंचांतला एक जण म्हणाला. दोघे-तिघे हसले. "नीट सांग, हॉब. कसं रडलं?"

हॉब थांबला. विमंडला वाटलं, हा आता अडखळणार. पण हॉब जमिनीकडे बघत सावकाश बोलू लागला.

"आधी नुसता श्वास. घशात काही अडकल्यासारखा. मग एकदाच, बारीक. मग थांबलं. वाटलं, संपलं. आणि मग लागलं रडायला. मोठ्याने नाही. रागावल्यासारखं, तुटक तुटक. मधे उचकी. कुणी उचलून घेतलं असावं, कारण मग आवाज दबल्यासारखा झाला. छातीशी धरल्यावर होतो तसा."

कोठारात कुणी हसलं नाही. बाकावरच्या एका म्हाताऱ्या पंचाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

विमंड हॉबच्या तोंडाकडे बघत होता. त्याला ते ऐकू आलं. भिंतीवर तळहात होता, चिखल गार होता आणि आत पोर रडत होतं, रागावल्यासारखं, मधे उचकी देत. सबीनाने त्याला उचललं होतं. तिच्या छातीशी आवाज दबला होता. हॉबने अजून बोलावं, थांबू नये, असं विमंडला वाटलं.

"वॉट?" कारभाऱ्याने विचारलं.

"आं?"

"पोर रडलं का?"

"हेच जे सांगतायत ते, साहेब," वॉट म्हणाला.

मग कारभारी विमंडकडे वळला. "तू बाप. तू बाहेर उभा होतास. पोर रडल्याचं तू ऐकलंस का?"

पास्क त्याच्याकडे बघत होता. दाराशी शेरीफचा माणूस भाकरी चघळत उभा होता. रँडलने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ हलत होते. तो प्रार्थना करत होता की शिव्या देत होता, कळत नव्हतं. मागे बायकांमध्ये एमॉट डोक्याच्या रुमालाचं टोक दोन्ही हातांनी तोंडाशी धरून बसली होती. विमंडने तिचे हात पाहिले. त्याच हातांनी पोराच्या कपाळावर पाणी शिंपडलं होतं.

"नाही, साहेब," विमंड म्हणाला.

"मोठ्याने."

"मला ऐकू आलं नाही. भिंत पातळ आहे. मीच लिंपली आहे. रडलं असतं तर ऐकू आलं असतं."

कारभाऱ्याच्या लेखनिकाने चामड्यावर दोन ओळी खरडल्या. रँडलला पुढे बोलावलं. त्याने काठीचं टोक धरलं, किती द्यायचे ते ऐकलं, मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या पास्ककडे पाहिलं. पास्कनेही मान डोलावली. विमंडकडे त्याने फक्त एकदा पाहिलं, कुंपणात पाय मोडून घेतलेल्या मेंढीकडे बघावं तसं. सगळ्याला मिळून एखादी मेणबत्ती पेटवून विझवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

बाहेर एमॉट त्याच्या वाटेत आली. "पोरा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "हलली होती रे छाती. मला तसं दिसलं."

"हो, मावशी," विमंड म्हणाला.

शेरीफचा माणूस वयस्कर होता आणि त्याचे गुडघे दुखत होते. "पळणार नसशील तर दोर बांधत नाही," तो म्हणाला. "शहर अकरा मैल आहे, ओढत न्यायचा मला कंटाळा आहे." विमंड म्हणाला, पळणार नाही. त्याने घरातून घोंगडी आणि छपराची सुरी घेतली. मग सुरी तुरुंगात नेऊ देणार नाहीत हे लक्षात येऊन ती परत खुंटीला अडकवली. रँडलची बायको दारात पोरांना घेऊन उभी होती, आत न येता. "या ना," विमंड तिला म्हणाला. "धूर मागच्या बाजूने कोंडतो, तिकडची झडप उघडी ठेवत जा."

गाव संपलं तसा मागून कुणीतरी धावत आलं. हॉब होता. त्याने विमंडच्या खांद्यावरची घोंगडी ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बरोबर चालू लागला.

"खोटी शपथ घेतली मी," बऱ्याच वेळाने हॉब म्हणाला. "शेठ म्हणाला होता, पंधरा शिलिंग सोडतो. आता तेही सोडणार नाही."

"चांगलं सांगितलंस."

हॉबने वाटेतला एक दगड पायाने बाजूला लोटला.

"ते रडणं कुणाचं होतं, हॉब?"

शेरीफचा माणूस पुढे होता, गुडघ्यावर हात ठेवत चढण चढत होता. शेतात कुणीतरी गाडीतून शेणखत उतरवत होतं. हॉबने घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आमचं पहिलं," तो म्हणाला. "मुलगी होती. चार दिवस."

"नाव?"

"इझोल्ड."

दोघे चालत राहिले. गावाची हद्द दाखवणारा दगड आला. पलीकडे गेलं तर कोंडवाडा राखायला कुणी नव्हतं, आणि आज सकाळीच दोन मोकाट बैल आत घातलेले होते. हॉब थांबला. त्याने घोंगडी झटकली, नीट चौपट घडी घातली आणि विमंडच्या हातात दिली.

"रोज रडायची का?" विमंडने विचारलं.

"चारही दिवस," हॉब म्हणाला. "बायको म्हणायची, किती रडते."

विमंडने मान डोलावली आणि घोंगडी काखेत धरून तो शेरीफच्या माणसामागे चढण चढू लागला. वर गेल्यावर म्हातारा थांबला. त्याचा गुडघा धरला होता. विमंडने त्याला हात दिला, आणि दोघे पलीकडे उतरले.