अडीचशे फुटांवरची व्हरलीन

माझी मोठी बहीण व्हरलीन वायोमिंगमधल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर निवडून आली ती एकाच गोष्टीवर. हवामानबदल हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे, आणि इथे एकही पवनचक्की उभी राहणार नाही. मंडळ तिघांचं. एक जण पवनचक्क्यांच्या बाजूने, एक विरोधात आणि तिसरी आमची व्हरलीन, वय एकसष्ट. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता.

पवनचक्क्यांच्या प्रस्तावावर सुनावणी झाली, तिला विद्यापीठातले एक गृहस्थ आलेख घेऊन आले. तापमान कसं चढतंय ते त्यांनी मन लावून समजावलं. मे महिन्यात आम्ही अजून दारातला बर्फ उपसतोय, तो यात कुठे दिसतो, असं व्हरलीनने विचारलं आणि सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस मी, दुसरं काय करणार?

तेवढ्यात मागच्या रांगेतून मारिसोल उठली. शेजारच्या काउंटीत पवनचक्क्या दुरुस्त करते ती, बुटकी आणि धीट.

"बाई, तुम्ही कधी वर चढून बघितलंय?" ती म्हणाली. "की खालूनच नको म्हणताय?"

एवढ्या लोकांदेखत डिवचल्यावर व्हरलीन कसली गप्प बसते!

शनिवारी सकाळी आम्ही पट्टे, हुक, हेल्मेट चढवून मारिसोलच्या एका पवनचक्कीच्या पोकळ खांबात उभे होतो. मी सोबतीला, कारण तिच्या नवऱ्याने साफ नकार दिला होता. पाती थांबवलेली. शिडी सरळ वर गेलेली. शंभर फुटांवर मी मध्येच थांबलो. वरून व्हरलीन म्हणाली, "चल रे डेल्मर, खाणीत उतरताना बरा उतरायचास."

मारिसोलने वरचं झाकण उघडलं आणि आम्ही थेट आभाळात डोकं काढलं. वारा असा की डोळ्यांतून पाणी. अख्खा खांब डोलत होता. मी तिथल्या लोखंडी कड्याला मिठी मारली. व्हरलीन मात्र हुक अडकवून उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि हसायला लागली. खाली हरणांचा कळप ढगाच्या सावलीतून पळत होता, लांब तिच्याच गोठ्याचं लाल छप्पर चमकत होतं. हसता हसता तिला उचकी लागली. तिचं बघून मारिसोलला हसू, मग मलाही, डोळे घट्ट मिटलेले असताना. तासभर ती खाली यायला तयार नव्हती.

मंगळवारी मतदान झालं.

"हवामानाचं मला अजून एक अक्षर पटलेलं नाही," व्हरलीनने सांगितलं. "पण हा वारा जन्मभर माझे वाळत घातलेले कपडे उडवतोय. आता लागू दे मेल्याला कामाला."

आणि तिने पवनचक्क्यांच्या बाजूने हात वर केला. वर एक अट घातली, दर वाढदिवसाला आपल्याला वर चढू द्यायचं. काउंटीच्या वकिलाने ती लाच ठरेल म्हणून खोडली.

गावात भडका उडाला. तिच्या मैत्रिणींनी कॉफीचं टेबल बदललं. तिला दगाबाज म्हणणारं पत्र आलं, ते तिने फ्रिजवर लावून टाकलं.

सप्टेंबरात तिने पवनचक्कीवर चढायच्या प्रशिक्षणात नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. परवा तिचा फोन आला, दोराची एक गाठ तिला जमली होती आणि दुसऱ्या कुणालाच नाही. अर्धा तास ती त्या गाठीबद्दलच बोलत होती.