फर्नेसची झडप

तळघरातला, घर तापवणारा फर्नेस खोकल्यासारखा एकदा घरघरला आणि गप्प झाला. प्रतिमाने दोन महिन्यांच्या बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि जिन्याकडे कान दिला. आलीच चाहूल. खालून, सासूबाईंच्या चपलांची. आठवड्यातली ही पाचवी वेळ. घर गार पडावं आणि रत्नाबाई नेमक्या तळघरात असाव्यात!

थोड्या वेळाने फर्नेस पुन्हा सुरू झाला आणि रत्नाबाई गुणगुणत वर आल्या:

"माझ्या बाळाच्या गं दारी, थंडी उभी चोरावाणी..."

चोर कोण ते दिसतंच आहे, प्रतिमाच्या मनात आलं. नागपूरहून आल्यापासून रत्नाबाई खोल्याखोल्यांतले दिवे मालवत फिरायच्या. "रिकाम्या खोलीला कशाला गं ऊब?" म्हणायच्या. आता मशीनच बंद करायला लागल्या असतील, तर बाळाच्या छातीत कफ भरला तो कुणामुळे? परवाच तिने नवऱ्याला, विनयला सांगून टाकलं होतं, आईंचं परतीचं तिकीट अलीकडचं कर. आज तो ऑफिसमधून एजंटला फोन करणार होता.

"जय भीम, मावशी! जय भीम, वहिनी!" बुटांवरचा बर्फ झटकत ईश्वर आत आला. विद्यापीठात इलेक्ट्रिकल शिकणारा विनयचा मित्र. विनयनेच त्याला पाठवलं होतं. हातात काट्याचा मीटर.

"नीट बघा हं भाऊजी," प्रतिमा हळूच म्हणाली. "आपोआप बंद पडतो, की कुणी पाडतं."

ईश्वरने एकदा तिच्याकडे, एकदा रत्नाबाईंकडे पाहिलं आणि खाली उतरला. रत्नाबाई बॅटरी धरायला मागोमाग गेल्या. बाळाला खांद्यावर घेऊन प्रतिमा जिन्यातच थांबली.

"फ्यूज ओके. थर्मोस्टॅट ओके. मग मध्येच जातो कुठे करंट?" पुटपुटत तो खालच्या पत्र्याच्या झडपेपाशी वाकला. ती जराशी हलवली, तर फर्नेस गप्प. "हात्तिच्या! ही झडप पुरती बसली नाही की आतली कळ सुटते, सगळं बंद. सेफ्टी असते ती. पण बसत का नाही?"

झडप काढून त्याने आत हात घातला. बाहेर आलं स्टीलचं पातेलं, वर बशी.

"दही? फर्नेसमध्ये? कमाल आहे यार!"

बाळाच्या पाठीवरून फिरणारा प्रतिमाचा हात थांबला. थंडीत विरजण लागेना, म्हणून फर्नेसच्या आत सतत जळणाऱ्या पायलटच्या बारीक ज्योतीच्या उबेला पातेलं ठेवायची युक्ती तिचीच. विनयने झडपेला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळे कुणाला न सांगितलेली.

"माझंच ते, बाबा," रत्नाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या जिभेला दही लागतं."

"मग बंद पडल्यावर चालू कोण करायचं?"

"मीच. गप्प झाला की यायचं, कंबरेनं झडप रेटायची. लागतो गायला."

ईश्वरने झडप बसवली. फर्नेस गायला लागला. रत्नाबाई पातेलं पदरात धरून जिना चढू लागल्या. प्रतिमापाशी आल्यावर क्षणभर थांबल्या.

"अर्धंच लागलंय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "धक्का लावू नकोस."

प्रतिमाने पातेलं आपल्या हातात घेतलं आणि बाळ त्यांच्याकडे दिलं. स्वयंपाकघरात पातेलं ओट्यावर अलगद टेकवून तिने फोन उचलला. विनयच्या ऑफिसचा नंबर फिरवला.

"विनय," ती म्हणाली, "एजंटला केलास का रे फोन?"