तपासलेलं पाणी

वस्तीत तिला सगळे फॉर्मवाली म्हणत. काम काय, तर दर आठवड्याला सकाळी लवकर, हापसे मोकळे असताना, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे आणि संशोधन केंद्रात पोचवायचे. पण सुरुवातीला अभ्यासाच्या संमतीच्या फॉर्मवर चाळीस घरांच्या सह्या तिनेच आणल्या, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि सह्या आणल्या कशा, ते ऐका. फॉर्म चांगला सहा पानांचा. तो वाचणार कोण? ही आपली पहिलं पान वाचायची आणि पुढे ठोकून द्यायची, "काही वाईट निघालं तर लगेच सांगतील हो! मी आहे ना." झालं! ओळखीचं माणूस म्हणतंय म्हटल्यावर कोण कशाला शंका काढतंय? सगळ्यात आधी सही केली ती तिच्या धाकट्या भावाच्या बायकोने.

त्या दिवशी केंद्रात बाटल्या मांडताना टेबलावरचा कागद तिच्या नजरेस पडला. कोपऱ्यावरच्या हापशापुढे 'शिसं' लिहिलेलं, आकड्याखाली लाल रेघ. एकदा नाही, तपासणी सुरू झाल्यापासून पाचही महिने. शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूवर जातं, एवढं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. भावजय तिथलंच पाणी प्यायची, आणि तिला सातवा महिना होता.

"मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

मॅडम संशोधनाच्या प्रमुख. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

"अजून तीन महिने थांबा. आत्ता सांगितलं तर लोक पाणी बदलतील. मग तुलना कशाशी करायची? पाचव्या पानावर स्पष्ट आहे, निकाल अभ्यास संपल्यावर. तुम्हीच वाचून दाखवलंत ना सगळ्यांना? खाली सही आहे तुमची."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मेली ती नोकरी, म्हणत ती तडक वस्तीकडे सुटली.

कोपऱ्यावर पोचली आणि बघतच राहिली. जिथे सात-आठ घरं पाणी भरायची, तिथे वळणापर्यंत रांग! पलीकडच्या गल्लीतली शिंपीणसुद्धा दोन बादल्या घेऊन उभी.

"तुम्ही इकडे कुठे?"

"अहो, आमचा हापसा कोण तपासतंय? इथे दर आठवड्याला तुम्ही बाटल्या भरता. म्हटलं, खात्रीचं पाणी ते हेच. महिना झाला, आमची सगळी गल्ली इथेच येते."

भावजय पुढे हंडा भरत होती.

"अगं, ठेव तो खाली! पिऊ नका कुणी हे. शिसं आहे यात!"

शिंपीण हसलीच. "काहीतरीच काय! तसं असतं तर ती शिकलेली माणसं हापसा चालू ठेवतील होय? आणि तुम्ही बऱ्या पाच महिने गप्प बसाल?"

"मला आज कळलं. देवाशपथ, आजच."

"मग आम्हाला वाचून काय दाखवलंत?" रांगेतल्या एका शेजारणीने विचारलं.

रांगेत कुजबुज झाली, "हिचं काहीतरी बिनसलंय केंद्रात," आणि कुणीतरी पुन्हा दांडा मारायला लागलं. भावजयीने मात्र नणंदेचा चेहरा पाहिला. हंडा सोडला आणि दोन्ही हात पोटावर धरले.

"वन्सं," ती म्हणाली, "काल डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पी. मी तर मुद्दाम जास्त प्यायले हो."